मिठाच्या पाण्यावरची बरणी

ओर्नेल्लाने पस्तीस वर्षं एका काचेच्या बरणीला पाणी पाजलं होतं. तळाला मिठाचं दाट पाणी, वर जाळी, जाळीवर चिमूटभर पांढऱ्या भुकटीची उघडी कुपी. दर मे महिन्यात ती झाकण काढायची, थोडं पाणी घालायची, कडेला ग्रीस लावायची आणि भुकटीकडे न बघता बरणी कपाटात ढकलायची. इटलीतल्या पेरुजाच्या त्या प्रयोगशाळेत कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहू दे, जुनी सवय आहे."

भुकटी प्रोफेसर एल्विओ बार्तोच्चिनींची. झिर्कोनियम आणि टिटॅनियम हे दोन धातू फॉस्फेटच्या एकाच थरात नांदवता येतात, असा त्यांचा हट्ट. काय दिवस होते ते! ॲसिडात दोन्ही धातूंचा लगदा अकरा दिवस उकळत होता आणि दोघं आळीपाळीने राखण करत होते. दुपारी खिडकीत बसून पोर्केत्ता, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस, भरलेला पाव खाता खाता प्रोफेसर तिला समजावायचे.

"पापुद्रे गं, नुसते पापुद्रे! आणि दोन पापुद्र्यांच्या मधे पाणी. पाणी गेलं की पापुद्रे खाली बसतात, आणि ओव्हनमधे काही बसतात, काही नाही. म्हणून हे बाळ ओव्हनमधे घालायचं नाही. मिठाच्या बरणीत आठ दिवस, म्हणजे ओल हवी तेवढीच राहते. शिरलं डोक्यात?"

बावीस वर्षांच्या ओर्नेल्लाच्या डोक्यात चांगलं शिरलं होतं. याहून सुंदर काम जगात नाही, असं तिला वाटायचं.

पण ती पडली गुब्बिओची. गुब्बिओच्या माणसाला पंधरा मेच्या उत्सवाला गावाबाहेर थांबवून दाखवा! त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच संत उबाल्दोचा चेरो, म्हणजे उत्सवाचा अजस्र लाकडी खांब, साथीदारांसह खांद्यावर घेऊन डोंगर चढणार होता. आणि क्ष-किरण यंत्रावर हिची पाळी नेमकी पंधराला. चौदाच्या दुपारी यंत्र अचानक रिकामं झालं. भुकटी अजून दमट होती. ओर्नेल्लाने त्यातली अर्धी तासभर ओव्हनमधे घातली, यंत्राला लावली, आलेख प्रोफेसरांच्या टेबलावर ठेवला आणि धावत बस गाठली.

ती परतली तेव्हा प्रोफेसर त्या आलेखासमोर बसले होते. एकाच पदार्थाचं एक शिखर यायचं तिथे दोन आली होती.

"ओव्हनला नाही ना लावलंस?"

"नाही, प्रोफेसर."

तिचा शब्द त्यांनी मानला. म्हणजे धातू नांदले नाहीत, दोन निराळे पदार्थ झाले, असं धरून त्यांनी लिहून ठेवलेला लेख फाडला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. बरणीतली उरलेली अर्धी भुकटी तपासली असती तर सोक्षमोक्ष लागला असता. पण तिची छाती झाली नाही. न जाणो, धातू खरंच भांडले असतील, आपला काही दोष नसेल, एवढ्या आशेवर ती जगली.

या मे महिन्यात प्रयोगशाळा नव्या इमारतीत निघाली आणि जुनं सामान भंगारात. तेव्हा मात्र तिने कुपी उचलून नोएमीला दिली. ही नोएमी तिथली तरुण संशोधक. तासाभराने पडद्यावर आलेख उमटला. शिखर एकच होतं, सुरीसारखं.

"किती देखणं आलंय! अगं, रडतेस काय?"

ओर्नेल्ला आलेख घेऊन थेट प्रोफेसरांच्या घरी गेली. शहाऐंशीचे प्रोफेसर गच्चीत बाकल्याच्या शेंगा सोलत होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, ओव्हनसकट, खोट्यासकट. त्यांनी शेंगा बाजूला केल्या, चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ नेला.

"तुझ्या भावाचा चेरो पडला नाही ना त्या वर्षी?"

"नाही. थेट वरपर्यंत गेला."

"चला, एक काम तरी धड झालं." त्यांनी आलेख मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच गाढव."

ओर्नेल्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उभी काय राहिलीस? वही घे. लेख पुन्हा लिहायचाय. आधी लिही, नमुना कसा वाळवला."

तिने खाली बसून लिहिलं, 'मिठाच्या पाण्यावर, बंद बरणीत, आठ दिवस.'

प्रोफेसरांनी वाकून वाचलं आणि तिच्या हातातलं पेन काढून 'आठ दिवस' खोडलं.

"आता खोटं नको, ओर्नेल्ला. पस्तीस वर्षं लिही."