शनिवारचा स्लॅब

शशिकांतने बूट काढून गाडीच्या दाराबाहेर धरले आणि त्यांच्यावर मूठभर वाळू भुरभुरली. थोडी शिवणीत चोळली. मग दार लावून एसी वाढवला आणि मांडीवर डबा उघडला. मेथीचे ठेपले, लिंबाचं लोणचं. शेजारी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. नवरा उन्हात उभा राहणार म्हणून सुहासिनीने ती आठवणीने भरली होती.

नवरा कसला उन्हात उभा राहतो! समोर कतारमधल्या लुसैलचं स्टेडियम निम्मं उभं होतं, वर्ल्डकप तीन वर्षांवर आला होता. तरी उन्हाळ्यात साडेअकरा ते तीन उघड्यावरचं काम बंद असे. साइटच्या गेटवर तशी पाटीच होती. शिवाय शनिवार ही शशिकांतची सुट्टी. घरी मात्र त्याने सांगून ठेवलं होतं, दर शनिवारी दुपारी स्लॅब आहे.

त्याच वेळी दोह्यात, अल नस्र भागातल्या एका हॉलमध्ये त्याची बायको पियूषबरोबर नाचत होती.

नाच एका जुन्या कृष्णधवल हॉलिवूडपटातला. लग्नाआधी पुण्याच्या फिल्म क्लबात दोघांनी तो पाहिला होता. त्यातले नायक-नायिका आता कुणाला आठवत नाहीत. बाजूच्या भूमिकांमधली दोघं कपाळाला कपाळ लावून काही मिनिटं नाचली आणि पुढे जग त्यांच्याच जोडीचं नाव घेत राहिलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी आपण हा नाच करू, असं शशिकांत तेव्हा बोलून गेला होता. पंचविसावं वर्ष लागलं आणि सुहासिनीने तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दोघांची नावं देऊन टाकली.

पहिली तालीम पियूषने मोबाइलवर टिपली. हा नाशिकचा, आयटीतला, दोन वर्षांच्या करारावर आलेला पोरगा. पडद्यावर शशिकांतने स्वतःला पाहिलं: पोट सुटलेला इंजिनिअर, सळयांच्या जाळीवरून जपून पाय टाकावेत तसा नाचणारा. सगळे हसले. सुहासिनी हसली नाही. तिने रुमालाने त्याचं कपाळ पुसलं, आणि तेच त्याला सोसेना. पुढच्या शनिवारी स्लॅब निघाला. माझ्या जागी पियूषला घे, असं त्यानेच मोठ्या मनाने सुचवलं. किती शनिवार, एवढंच तिने विचारलं. सगळेच, तो म्हणाला. मग डब्याला काय देऊ, असं तिने विचारलं.

खाई त्याला खवखवे. ठेपल्याचा घास त्याच्या तोंडात नुसता फिरत राही. घरी गेल्यावर ती ओल्या फडक्याने त्याचे बूट पुसायला घेई, तेव्हा तर त्याला धरणीने पोटात घ्यावं असं वाटे.

उत्सवात नाच रंगला. मंडळाचे नाना माइकवरून म्हणाले, दोह्याला जोडी मिळाली. पहिल्या रांगेत शशिकांत सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता. कपाळाला कपाळ टेकायची वेळ आली, तेव्हा सुहासिनीने बोटभर अंतर ठेवलं. ते त्याच्याखेरीज कुणाला दिसलं नसावं.

उन्हाळ्यातल्या कामबंदीची मुदत संपली होती. सोमवारी फोरमन रहमानने गेटवरची पाटी उतरवून शशिकांतसाहेबांच्या टेबलावर आणून ठेवली. शशिकांतने सहज नजर टाकली. प्लॅस्टिकच्या आवरणात हाताने लिहिलेला हिंदी मजकूर: साढ़े ग्यारह से तीन, धूप में काम बंद. टपोरं, गोलसर अक्षर. खाली ठळक दुहेरी रेघ. कामगारांसाठी हिंदीतून हवं म्हणून जूनमध्ये त्यानेच कागद घरी नेला होता, आणि आमटी गॅसवर ठेवून, जेवणाच्या टेबलावर बसून सुहासिनीने तो लिहून दिला होता.

म्हणजे पहिल्या शनिवारपासून तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने डबे भरले होते, बाटल्या भरल्या होत्या, बूट पुसले होते. शशिकांतला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

संध्याकाळी पाटी घेऊन तो अल सद्दच्या घरी आला. सगळं बोलून टाकायचं ठरवून आला होता. त्याऐवजी त्याने पाटी नुसती ओट्यावर ठेवली. सुहासिनी कणीक मळत होती. तिने पाटीकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे. दाराशी बूट काढायचंही आज त्याला सुचलं नव्हतं, आणि आज ते खरोखरच मळले होते.

"टाकून देतो ही," तो कसाबसा म्हणाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढच्या उन्हाळ्यात लागेल."