टुंपा बरी झाली

कोलकात्याजवळच्या बजबजमधल्या ‘आनंदनिलय’ बालगृहाच्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या खुर्च्यांवर पिवळ्याधमक टी-शर्टांतली गोरी मंडळी बसली होती. अमेरिकेतल्या एका गावाच्या चर्चमधून ती अनाथ मुलांच्या सेवेला आली होती. आठवडाभर त्यांनी फुगे फुगवले, गाणी शिकवली आणि चांगली पांढरी भिंत पुन्हा पांढरी केली. मागे ज्यूट मिलच्या वस्तीतली माणसं दाटीवाटीने उभी होती आणि खिडक्यांच्या गजांना पोरं लटकली होती. सगळ्यांचे डोळे लाकडी मंचावर उभ्या असलेल्या एका अनवाणी मुलीवर खिळले होते.

“ही टुंपा!” बालगृहाचे चालक ब्रदर सुबीर माइकमध्ये गरजले. “नऊ वर्षांची पोर. जन्मापासून ठार बहिरी! डॉक्टरांनी हात टेकले. मशिनं थकली. पण मित्रांनो, प्रेमाला बॅटरी लागत नाही!”

पिवळे टी-शर्ट गहिवरले.

“आता मनात संशय आणू नका. एका माणसाच्या संशयानेही कृपा अडते!” ही सोय फार छान होती. चमत्कार झाला तर ब्रदरमुळे आणि फसला तर मागे उभ्या असलेल्या कुठल्यातरी नतद्रष्टामुळे.

ब्रदरनी टुंपाच्या कानांवर हात ठेवले, डोळे मिटले, आवाज चढवत नेला. मग तिला लोकांकडे तोंड करून उभं केलं. तिच्या पाठीमागे मंचावर आडवा ठेवलेला भला मोठा ढाक, म्हणजे बंगाली ढोल, एकाने काठ्यांनी बडवला.

टुंपा गर्रकन वळली.

मग काय विचारता! टाळ्या, हुंदके, गाणी. सगळे मोबाइल हवेत. पाहुण्यांचे म्होरके पास्टर ग्रेग गुडघ्यांवर बसून लहान मुलासारखे रडू लागले.

“मधू, अगं वळली ना पोर!” सुहासिनीआत्यांनी भाचीचा दंड घट्ट धरला. त्या नुकत्याच दर रविवारी इथे मुलींना भरतकाम शिकवायला यायला लागल्या होत्या. “तुझ्या मशिनने इतक्या वर्षांत जे झालं नाही, ते बघ!”

मधुवंती दाराशीच उभी होती. टाळ्या न वाजवता ती त्या ढाकाकडे बघत होती. एस्प्लनेडला तिचा कान तपासण्याचा दवाखाना होता, आणि टुंपाच्या कानाला श्रवणयंत्र तिनेच बसवलं होतं. यंत्र लावून टुंपा पाणी मागायला शिकली होती, आपलं नाव सांगायला शिकली होती. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तिचं बस्तान बसत होतं. मग पावसाळ्यानंतर ती यायचीच बंद झाली. मधुवंतीने फोन केले, तर ब्रदरचं एकच उत्तर: “टुंपा बरी झाली, मॅडम. आता गरज नाही.” म्हणून आज आत्याबरोबर ती स्वतः आली होती. भाषा शिकायच्या वयात मुलाचा कान बंद ठेवला तर ते नुकसान मागाहून भरून काढता येत नाही, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

“आत्या, ढाक कसा वाजवतात गं?”

“म्हणजे काय? दुर्गापूजेत दरवर्षी बघतेस की. खांद्याला अडकवून.”

“मग हा फळ्यांवर का निजवलाय?”

आत्यांनी मंचाकडे पाहिलं. मग भाचीकडे पाहिलं. त्यांच्या हाताची पकड सैल झाली.

मधुवंती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. “ब्रदर, फारच सुंदर. पुन्हा एकदा दाखवता? फक्त अंगणात. ढाक खांद्यावर घेऊन.”

“मॅडम, कृपेची परीक्षा घ्यायची नसते.”

“कृपेची नाही हो. कानांची घेऊ.”

ब्रदर हसले आणि माइक दुसऱ्या हातात घेतला. पण पिवळ्या टी-शर्टांतल्या हेलन नावाच्या वयस्क बाई उठून उभ्या राहिल्या. जन्मभर नर्स म्हणून काम केलेलं त्यांनी. “का नको?” त्या म्हणाल्या. “बरी झाली असेल तर अंगणातही ऐकू येईल.” ब्रदरना माइक खाली ठेवावा लागला.

सिमेंटच्या अंगणात टुंपाला उभं केलं. दुसऱ्या टोकाला, तिच्या पाठीमागे, ढाक खांद्यावर चढला आणि कडाडला. कौलांवरची कबुतरं उडाली. मुलांना सांभाळणाऱ्या मावशीच्या कडेवरचं तान्हं दचकून रडायला लागलं. टुंपा समोरच्या मांजराकडे बघत शांत उभी होती. पुन्हा वाजवला. आणखी जोरात वाजवला. टुंपाने मांजराकडे हात पुढे केला.

“घाबरली आहे,” ब्रदर म्हणाले. “इतकी माणसं...”

“हॉलमध्ये याहून जास्त होती.” मधुवंती पास्टर ग्रेगकडे वळली. “तुम्ही बूट काढता का? मोजेसुद्धा.”

भारतात बूट काढायला सांगितलं की काढायचे, एवढं त्या पाहुण्यांना पढवलेलं होतं. ग्रेग मुकाट्याने हॉलमध्ये परतून अनवाणी मंचावर चढले. मधुवंतीने एका तरुणाचे मोठे हेडफोन त्यांच्या कानांना लावून गाणं मोठ्याने सुरू केलं, डोळे मिटायला लावले. मागे फळ्यांवर ढाक ठेवला आणि काठी पडली.

ग्रेग टुंपासारखेच दचकून वळले. हेडफोन काढून त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. “पायांना कळलं,” ते पुटपुटले.

मधुवंतीने टुंपासमोर बसून खुणांनी विचारलं, तुला कसं कळतं? टुंपा खुदकन हसली. तिने पाय आपटून तळवा दाखवला, मग खाऊसाठी हात पसरला. तिच्या दृष्टीने हा खेळ होता. फळी हलली की वळायचं, वळलं की नारळाचा लाडू मिळतो.

पाहुण्यांना वाटलं, संपलं. पण टुंपाला अजून सांगायचं होतं. तिने ग्रेगच्या पिवळ्या टी-शर्टाला बोट लावलं. मग धावत जाऊन एका मुलाचा ढगळ निळा टी-शर्ट ओढून दाखवला, दुसऱ्या मुलीचा हिरवा दाखवला, आणि प्रत्येक वेळी पाय आपटून गर्रकन वळली. जाताना प्रत्येक तुकडी आपले टी-शर्ट मुलांना देऊन जायची. निळ्यावर एका चर्चचं नाव होतं, हिरव्यावर दुसऱ्याच चर्चचं. प्रत्येक तुकडीसमोर टुंपा नव्याने बहिरी व्हायची आणि तुकडी विमानात बसायच्या आत बरी व्हायची. एका तुकडीने दुसरीला कधी पाहिलंच नव्हतं आणि वस्तीला आजच पहिल्यांदा आत घेतलं होतं, त्यामुळे विचारणार कोण?

“तिचं यंत्र कुठे आहे?” मधुवंतीने विचारलं.

ब्रदरचा माइकवरचा आवाज आता कुठल्या कुठे गेला होता. “कपाटात. यंत्र लावलेली मुलगी बरी झाली म्हणून कशी दाखवणार?” मग ते चिडून म्हणाले, “तुम्हाला बोलायला काय जातं, मॅडम? ही माणसं नुसती भुकेली पोरं बघायला इतक्या लांब येत नाहीत. त्यांना काहीतरी घडलेलं बघायचं असतं. ते घडतं, म्हणून इथे चूल पेटते. उद्या ही पोरं तुमच्या घरी नेणार?”

मधुवंतीने भोवतीच्या पोरांवरून नजर फिरवली. “बालकल्याण समितीकडे तक्रार करणार आहे,” ती म्हणाली. “मुलांचं काय करायचं ते त्या लोकांनाही विचारू. पण एकीचे कान विकून बाकीच्यांना जेवू घालायचं, हे मी चालू देणार नाही.”

यंत्र आणलं. कानात बसणारा त्याचा साचा टुंपाच्या कानात बसेना. ती बरी झालेली असताना तिचा कान वाढला होता. सैल साच्यामुळे यंत्र शिट्टी मारत राहिलं आणि हेलनबाई तोंडावर हात धरून बाहेर निघून गेल्या.

“मघाचा व्हिडिओ तेवढा काढून टाका,” मधुवंती ग्रेगना म्हणाली.

“तो मघाशीच आमच्या चर्चला पाठवलाय. तिथे लोक रडतायत. त्यांची श्रद्धा...” ते अडखळले. “मी योग्य वेळ बघून सांगेन.”

परतीच्या लोकलमध्ये आत्या उसळल्या. “ही मिशनरी मंडळी असलीच!”

“आत्या, गुडघ्यांसाठी तू त्या बेहालाच्या महाराजांचा अंगारा लावत होतीस आणि गोळ्या बंद केल्या होत्यास. ते कुठले मिशनरी होते?”



समितीने टुंपाला दुसऱ्या बालगृहात हलवलं आणि ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. ‘पाणी’ आणि स्वतःचं नाव दोन्ही तिला परत पहिल्यापासून शिकवावं लागत होतं. ग्रेगना योग्य वेळ काही सापडली नाही.

हे कळलं ते खिदिरपूरहून आलेल्या एका बाईमुळे. रुबीना तिचं नाव, कडेवर तिचा लहान मुलगा. मुलाचं श्रवणयंत्र तिने रुमालात बांधून आणलं होतं आणि ते मधुवंतीच्या टेबलावर ठेवलं. “हे परत घ्या, दिदी. फक्त त्या ब्रदरचा पत्ता द्या.” तिने मोबाइल पुढे केला. मंच, ढाक, गर्रकन वळणारी मुलगी. “आम्ही दुसऱ्या धर्माचे आहोत, पण देव सगळ्यांचाच ना? सहा महिने झाले, याच्या कानाला काही लावलं नाही. औषध चालू असलं की तिथे गुण येत नाही म्हणतात.”

मधुवंतीला वाटलं, हा मोबाइल भिंतीवर फेकावा. पण त्या बाईचा काय दोष होता? तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. आत खुर्चीवर टुंपा बसली होती, नव्या साच्याचं माप द्यायला आलेली.

रुबीनाने तिला ओळखलं. “हीच!”

“हीच. आता यंत्र काढलेलं आहे. तिच्या मागे उभ्या राहा आणि हाक मारा. मी सांगते म्हणून काही मानू नका, स्वतः बघा.”

“टुंपा,” रुबीनाने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग आई मारते तशी, जीव तोडून मारली. टुंपा टेबलावरच्या चित्राच्या पुस्तकाचं पान उलटत राहिली.

“मग तिथे इतकी माणसं टाळ्या का वाजवत होती?” रुबीनाचा आवाज फुटला.

“तुम्ही आत्ता जे केलंत ते त्यांच्यापैकी एकानेही केलं नाही म्हणून. यात शिक्षण लागत नाही, फक्त एक हाक मारायची होती. अमका बरा झाला असं कुणी म्हणालं ना, तर टाळीच्या आधी विचारायचं, त्याचा उपचार कुणी बंद केला आणि कशासाठी?”

रुबीना बाहेरच्या टेबलाकडे परत आली. मग तिने टेबलावरचा रुमाल सोडला, मुलाला मांडीवर घेतलं आणि यंत्र त्याच्या कानाला लावून पाहिलं.

“दिदी,” ती घाबरून म्हणाली, “हे आता बसत नाहीये.”