बिनसुईचं इंजेक्शन

पेंटर त्या दिवशी इस्पितळात भांडायलाच गेला होता. सकाळी लेक म्हणाली, "बाबा, मी येते सोबत. एकटे गेलात तर तमाशा कराल."

"तमाशा करायलाच चाललोय," तो म्हणाला. "तुझं तिथे काय काम?"

खिशात दोन कागद होते. एक इस्पितळाचं पत्र, बायकोच्या नावाने आलेलं. ती हृदय बंद पडून गेली त्याला अडीच महिने झाले होते, पण पाठवणाऱ्याला ते माहीत नव्हतं. पत्रात तिचे आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं की डोळ्याच्या औषधाची चाचणी आता संपली आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही: आपण दुसऱ्या गटात होता. दुसऱ्या गटाला औषध दिलेलं नाही. सुई नसलेली सिरिंज डोळ्याला नुसती टेकवली जात होती.

दुसरा कागद पेंटरने स्वतः लिहिला होता. चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे डॉक्टरांविरुद्ध तक्रार. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती, त्यामुळे अक्षर असं ठसठशीत की समितीला लांबूनही वाचता आलं असतं.

"नंबर लावला का?" दारावरच्या सिस्टरने विचारलं.

"वर्षापूर्वी लावलाय," म्हणत तो आत घुसला.

डॉक्टर अंधाऱ्या खोलीत, हनुवटी टेकवायच्या यंत्रामागे बसले होते. इस्पितळात सगळे त्यांना 'पडदेवाले' म्हणत, कारण ते डोळ्याच्या आतल्या पडद्याचे सर्जन होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताखाली दाबून धरला होता. तो हल्ली थरथरायचा.

"या पेंटर. बाई कशा आहेत?"

"वारली."

डॉक्टर यंत्रामागून पुढे वाकले. "मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही तरी आम्हाला कुठे काही सांगितलंत?" पेंटरने पत्र त्यांच्यापुढे आपटलं. "हे काय आहे?"

"फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नाही. मी स्वतः वाचून दाखवलं. साक्षीदार म्हणून तुमची सही आहे."

"वाचलंत, लिलाववाल्यासारखं घाईघाईने! आम्हाला वाटलं, असेल कुणीतरी बिचारं दुसऱ्या गटात. बारा महिने दोन-दोन तास बसमध्ये हादरे खात यायची ती. इंजेक्शनच्या वेळी माझा हात असा आवळायची की नखं उमटायची. आणि तुम्ही तिच्या डोळ्यावर रिकामी नळी दाबत होतात?"

"टेकवत होतो."

"वा! मोठेच उपकार."

"अहो, तसं केल्याशिवाय कळणार कसं, औषधाने फरक पडला की नुसत्या समजुतीने? ही पद्धतच आहे."

"मग कळलं ना तुम्हाला? झालं तर. माझी बायको तेवढ्यापुरती कामी आली."

"नाही कळलं," डॉक्टरांचा आवाज चढला. "तुमच्या बायकोनेच कळू दिलं नाही!"

पेंटर थबकला. असलं काही ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"बसा तिथे. मी ऐकून घेतलं, आता तुम्ही ऐका. बावीस वर्षं मी फाटलेले पडदे जागेवर बसवले. लोकांचे डोळे वाचले, माझी पाठ गेली. पण ज्यांचा पडदा फाटत नाही, मधोमध झिजत जातो, त्यांना काय सांगायचो? घरी जा, काठी घ्या. माझ्या आईलाही तेच सांगितलं. म्हणून तळघरात प्रयोगशाळा थाटली. नऊ वर्षं सशांचे डोळे तपासले. लोक हसायचे, म्हणायचे, चांगला सर्जन ससे राखतोय. त्यातून हे औषध निघालं. आता या हाताने शस्त्रक्रिया होत नाही. माझ्याजवळ एवढंच उरलंय."

त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. खूप रेघा होत्या, सगळ्या खाली उतरत जाणाऱ्या. एकच रेघ वर चढली होती.

"ही औषध न मिळालेली तेवीस माणसं. बावीस जण दर महिन्याला कमी अक्षरं वाचत गेले. ही एक बाई वर्षाच्या शेवटी अकरा अक्षरं जास्त वाचते. का? कुणास ठाऊक! दोन गटांत सरासरी पाच अक्षरांचा फरक दिसायला हवा होता. साडेचार दिसला. सोमवारी समिती औषध कायमचं बंद करणार. साडेचारवर!"

पेंटरला आपल्या खिशातला कागद टोचल्यासारखं वाटलं. तो द्यायचीसुद्धा गरज नव्हती. आत्ता उठून घरी गेलं तरी हा माणूस सोमवारी संपत होता. ह्यासाठीच तर तो आला होता. तो उठलाही.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "एकदा खरं सांगून टाका. बाई चोरून दुसरीकडे उपचार घेत होत्या ना?"

"काय म्हणालात?"

"इकडे आमच्या चाचणीत नाव, तिकडे दुसऱ्या डॉक्टरची सुई. पाहिलीत मी अशी माणसं. दोन्हीकडून फायदा."

"तोंड सांभाळा. माझी बायको चोर नव्हती."

"मग ही रेघ वर गेली कशी? आतला फोटो बघा, मधला डाग वर्षात दुप्पट झालाय. या डोळ्याला अक्षर दिसूच शकत नाही. मला वाटलं, चमत्कार आहे. पाच महिने याच एका डोळ्यावर घालवले, निबंध लिहिला, परिषदेत शंभर माणसांपुढे वाचला. आज वाटतंय, मला मूर्ख बनवलं. बोला, कशी गेली वर?"

"पाठ करून!" पेंटर ओरडला.

दारातून सिस्टर डोकावली. डॉक्टरांनी हातानेच तिला परत पाठवलं.

"तुमचे तक्ते दोनच. एक या महिन्याला, दुसरा पुढच्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचो. अक्षरं हा माझा धंदा आहे, एकदा पाहिली की डोक्यात बसतात. घरी जेवणं झाली की तिच्याकडून घोकून घ्यायचो. ती प्रत्येक ओळीचं वाक्य करायची. व, त, प, झ, क. वहिनी तवा पुसून झोपली की! आणि स्वतःच हसत सुटायची. दर वेळी एखादं अक्षर जास्त म्हणायचं, एकदम सगळी म्हणायची नाहीत, असं तिनेच ठरवलं होतं."

"का?" डॉक्टरांनी विचारलं. "कशासाठी?"

"दुसऱ्या महिन्यात ती खरंखुरं वाचायला गेली. दोन अक्षरं कमी आली. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात. बसमध्ये मला म्हणाली, अहो, त्यांचा आवाज किती पडला. आणि कमी वाचत राहिले तर मला काढून टाकतील. पुढच्या वेळी वाढवून वाचली तर तुम्ही 'वा!' म्हणालात. झालं. ती त्या 'वा'वर महिनाभर जगायची."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. खरं सांगितल्याचे आभार नाहीत, काही नाही. चेहरा लाल झाला होता.

"तुम्हा दोघांना कळतं का काय करून ठेवलंत? माझी नऊ वर्षं! बाहेर रांगेत बसलेली माणसं दिसतात का तुम्हाला?"

"तुम्हाला दिसली का ती, रिकामी नळी लावताना?"

मग डॉक्टरांनी कपाटातून एक छापील फॉर्म काढला आणि त्याच्याकडे सरकवला.

"हे सगळं लिहून द्या. म्हणजे त्यांची नोंद रद्द करता येईल. तेवीसची बावीस होतील आणि फरक पाचाच्या वर जाईल."

"रद्द म्हणजे?"

"म्हणजे त्या चाचणीत नव्हत्याच असं धरायचं."

"नव्हत्याच?" पेंटरने फॉर्म परत ढकलला. "शेवटचं वर्ष तिने याच्यात घालवलं. खोटं वाचलं असं लिहा, मी सही करतो. ती आलीच नाही असं मी लिहून देणार नाही."

"अहो, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही!"

"मग रकान्याबाहेर लिहा. तुमच्या हाताने. लिहा, नाहीतर चाललो मी."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत माया नव्हती, आणि पेंटरच्याही नव्हती. मग त्यांनी पेन उचललं, थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरला, आणि समासात लिहायला लागले. अक्षर वाकडंतिकडं, किडामुंगीसारखं. पेंटर वाकून वाचत होता.

"'बारा वेळा स्वतः हजर,'" डॉक्टर म्हणाले. "झालं समाधान?"

"तेरा."

"चाचणी बारा महिन्यांची होती."

"एकदा आलो तर तुम्ही त्या परिषदेला गेला होतात. कुणी कळवलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून डबा खाल्ला आणि परत गेलो."

डॉक्टरांनी बारावर काट मारली आणि वर तेरा लिहिलं. पेंटरने ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून, फॉर्म आपल्याकडे घेऊन, तो आपल्या ठसठशीत अक्षरात बायकोचा खोटेपणा लिहायला बसला.