झिप की सुपरडिस्क

कुंभिवलीला ऊन उशिरा येते. घाटाची भिंत ओलांडून ते आधी महामार्गापलीकडच्या भाताच्या लोंब्यांवर उतरते, मग डांबरावर, मग सावकाश येसाजीशेटांच्या छापखान्याच्या पायरीवर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पायरीवर उभा राहून मी ते पाहत होतो. दारावरच्या कालच्या तोरणातून गाळून ते आत शिरले, कागदांच्या गठ्ठ्यांच्या कडा पिवळ्या करीत गेले, कटिंग मशीनच्या पात्यावर क्षणभर थांबले आणि अखेर टेबलावरच्या दोन ड्राइव्हपाशी आले. करडा दत्ताचा. निळा आमचा; त्यावर पूजेतली झेंडूची पाकळी अजून चिकटलेली होती.

माझा थोरला भाऊ मनोज भिसेगावच्या नाक्यावर लग्नपत्रिका आणि कॅलेंडरे संगणकावर मांडून देई. समोरच दत्ताचे दुकान. ठाकूरवाडीतून संगणक शिकलेला तो पहिलाच, आणि शिकला तो दादाच्याच शेजारी बसून. रंगीत चित्रे साध्या फ्लॉपीत मावत नसत, म्हणून शंभर फ्लॉप्यांएवढे मावणाऱ्या डिस्का चालवायला दादाने झिप ड्राइव्ह घेतला, दत्ताने सुपरडिस्क. एकाची डिस्क दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये चालत नसे. दोघांचीही छपाई येसाजीशेटांकडेच होई, आणि शेट आपल्या प्रेससाठी दोन्हींतला एकच ड्राइव्ह घेणार होते. ज्याच्या जातीचा घेतील त्याचे दुकान चालणार. दुसऱ्याने शटर ओढायचे.

"शेट, माझ्यात तुमच्या जुन्या फ्लॉप्या बी चालतात," दत्ता म्हणाला.

"चालतात, पळत नाय," दादा हसला. "बैलगाडी हाय ती. पत्रिका उघडंपर्यंत नवरा-नवरीला पोर होईल."

"पोचते तरी रं! तुझा घोडा बघू."

"तोंडं आवरा," शेट म्हणाले. "लावा डिस्का."

दत्ताचे कॅलेंडर रेंगाळत, पण उघडले. मग दादाने आमची डिस्क आत सारली.

टक. थोडी शांतता, आणि पुन्हा टक. डिस्क वाचता येत नाही, असे पडद्यावर उमटले. दादाने दुसरी घातली, मग तिसरी. ड्राइव्ह आत कुठेतरी तसाच ठोके देत राहिला.

"घोडा दारातच अडला की," दत्ता म्हणाला. त्यात विष नव्हते, नेहमीची थट्टा होती.

दादा त्याच्याकडे वळला. "काल सोनं द्यायला आलास तू. आपट्याची पानं ठेवताना हात कुठं होता तुझा?"

"येडा झालास काय? आईच्या पाया पडलो नि गेलो मी."

कटिंग मशीनजवळचा लोखंडी दांडा दादाच्या हातात कधी आला, मला कळले नाही. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर, आणि दत्ताचा एक दात कोऱ्या कागदांवर जाऊन पडला. शेट ओरडले. दादाने दत्ताला टेबलावर रेटले, त्याचा उजवा पंजा सपाट दाबून धरला आणि बोटांवर घाव घातले. "धर आता माउस! धर की!" बोटे मोडण्याचा आवाज फार मोठा नसतो. कामगारांनी कंबर धरून ओढेपर्यंत दादाने करडा ड्राइव्हही फोडला होता. दत्ता गुडघ्यांवर रांगत पायरीपर्यंत गेला आणि त्या पिवळ्या उन्हात रक्त ओकला. मी त्याला उचलले, टेंपोत घातले. त्याच्या रक्ताने माझा सदरा छातीला चिकटला.

दादाला पोलीस घेऊन गेले. शेटांनी कुठलाच ड्राइव्ह घेतला नाही. "दत्तानं काय केलं रं?" आईने विचारले, तेव्हा मी म्हणालो, "ड्राइव्ह बिघडवला." विचारील त्याला मी तेच सांगत राहिलो.

आमच्या डिस्कच्या पत्र्याच्या झाकणाशी लाल कण दिसत होते. रक्त असेल, असे मी मनाला समजावले. पण सदऱ्यावरचे रक्त काळे पडले आणि हे कण लालच राहिले. बोट फिरवले तर भुकटीसारखे निघाले. दसऱ्याच्या सकाळी पाटावर मांडलेल्या एकेका डिस्कचे झाकण दादाने अंगठ्याने सरकवले होते. "कमावती ही आतली चकती," तो म्हणाला होता, "हळदकुंकू हिला पायजे, वरच्या डब्याला काय करायचंय?" आणि भक्तीने कुंकवाचे बोट चकतीवर टेकवले होते.

दत्ताने आमच्या ड्राइव्हला हात लावला नव्हता.