केतय्याचा खडक

मी पाथरवट. अक्षरं कोरतो, मला वाचता येत नाहीत. केतय्या गेरूने दगडावर ओळी लिहून द्यायचा आणि मी त्या रेघांवरून छिन्नी चालवायचो. अशा एकतीस शिळा आम्ही दोघांनी उभ्या केल्या. राजाचा पराक्रम सगळा केतय्याच्या डोक्यातला. राजा हत्तीवर चढायला घाबरतो हे गावाला ठाऊक, पण शिळांवर त्याने शंभर हत्ती लोळवलेत.

बत्तिसावी शिळा देवळाला दिलेल्या जमिनीची. प्रधान बोप्पण्णा मजकूर सांगायला आला, तेव्हा केतय्याने पहिल्यांदाच काही मागितलं. शेवटी 'लिहिलं केतय्याने' एवढं असू द्या म्हणाला. त्याची पन्नाशी उलटलेली, मूलबाळ नाही. नाव राहायचं तर दगडावरच.

बोप्पण्णाने स्वतःच्या नावाला दोन ओळी घेतल्या होत्या. तो म्हणाला, "जागा नाही. आणि कोणी लिहिलं हे विचारतंय कोण?" जमिनीच्या सीमा तुझ्या तू घाल, असं सांगून तो जेवायला गेला.

केतय्याने गेरू कालवला आणि सीमा लिहायला बसला.

शिळा उभी राहिली. रिवाजाप्रमाणे गाव जमलं आणि केतय्या मोठ्याने वाचू लागला. राजा झाला, बोप्पण्णा झाला, सीमा आल्या. पूर्वेला वारूळ, दक्षिणेला चिंच, उत्तरेला तळ्याचा बांध.

"पश्चिमेला केतय्याचा खडक."

म्हणजे ज्यावर बसून आम्ही रोज दुपारी नाचणीचे गोळे आणि ताक संपवायचो, तो. गाव हसलं. बोप्पण्णा लालबुंद झाला आणि मला म्हणाला, "खोड ते नाव. आत्ता."

मी छिन्नी उचलली. प्रधानाशी वैर मला परवडणारं नव्हतं. शिवाय मला न सांगता माझ्याच हातून कोरून घेतलं, याचा रागही आला होता.

"थांब मल्लोजा, पुढची ओळ ऐक," केतय्या शांतपणे म्हणाला. "यातलं एक अक्षरही जो खोडेल किंवा खोडायला लावेल, त्याला काशीत हजार कपिला गाई मारल्याचं पाप लागेल आणि तो साठ हजार वर्षं शेणातला किडा होईल. धनी, हे तुमचेच शब्द. 'खोडायला लावेल' तर तुम्ही आठवणीने घालायला लावलंत."

मी छिन्नी बोप्पण्णापुढे धरली. "तुम्हीच खोडा, धनी. माझी पोरं लहान आहेत."

त्याने छिन्नीकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि ऊन फार झालंय म्हणत पालखीत जाऊन बसला.

गाव पांगल्यावर मी केतय्याला चांगलाच फैलावर घेतला. स्वतःच्या नावासाठी माझा गळा अडकवलास म्हटलं. त्याने माझं बोट धरलं आणि शिळेच्या तळाशी, अगदी शेवटच्या ओळीवरून फिरवलं.

"ही मी मुद्दाम वाचली नाही. 'कोरलं मल्लोजाने.'"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली. मग नीट पाहिलं. ती ओळ कोरताना मला घरी जायची घाई होती आणि माझ्याच नावातलं दुसरं अक्षर चक्क वाकडं आलंय. सरळ करावं म्हणून मी छिन्नी लावली.

केतय्या म्हणाला, "किडा व्हायचंय का?"

आता रोज येता-जाता ते वाकडं अक्षर बघतो आणि केतय्याला शिव्या घालतो.