उजवा खांदा

मच्छिंद्र सरांनी कप खाली ठेवला आणि श्रावस्तीऐवजी तिच्या वडिलांना विचारलं, "मग प्रेमानंदराव, सोमवारी पोरगी हजर होईल म्हणून कळवू का?"

लोहारा गावच्या एका शाळेत तिच्यासाठी खो-खो शिकवायची नोकरी होती. अट एकच, रग्बी बंद. आणि भारतीय रग्बी संघाचं निवड शिबिरही सोमवारीच सुरू होत होतं.

"सर, मला शिबिराला बोलावलंय," श्रावस्ती म्हणाली.

"बोलावलंय, संघात घेतलं न्हाय अजून. खांदा पुन्हा निखळला तर नोकरीही गेली अन् रग्बीही."

याच सरांनी तिला बेंबळीच्या मैदानावर खो-खो शिकवला होता. कॉलेजात ती सात जणींच्या रग्बीकडे वळली, तेव्हा त्यांनी वर्षभर अबोला धरला. ती राज्याकडून खेळत राहिली. गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात समोरच्या संघातल्या एकीला पाडताना उजवा खांदा निखळला.

"डॉक्टर खेळ म्हणतेत," प्रेमानंद म्हणाले, "पण डॉक्टर काय मैदानात उतरणार हाय?"

"मी उतरते ना. चला रानात. अमृत, बूट घाल."

चुलतभाऊ अमृत पोलीस भरतीचा व्यायाम करून रेड्यासारखा झाला होता. "ताई, माझी उद्या लेखी हाय."

"लेखी डोक्यानं देतोस ना? मला तुझे पाय पाहिजेत."

घरामागचं रान नुकतंच रोटाव्हेटर मारून भुसभुशीत केलं होतं. तिनं बॉल अमृतच्या काखेत दिला. बांधापर्यंत पळायचं, ती आडवी येणार.

अमृत सुटला. ती तिरपी धावली. तिची बोटं पाठीला लागली मात्र, तो जागीच थांबला, बॉल खाली ठेवला आणि मान खाली घालून बाजूला निघाला.

"काय झालं रे?"

"बाद झालो की."

श्रावस्तीची आई पौर्णिमा खो खो हसली. सरही हसले. "माझ्याच हाताखालचा हाय. हात लागला की बाद."

श्रावस्ती हसली नाही. "ही खेप मोजायची नाही. इथं हात लागला तरी पळायचं, मी पाडेपर्यंत."

दुसऱ्यांदा तो खरंच पळाला. ती वाकली, खांदा त्याच्या मांडीत घातला, दोन्ही हातांनी पाय आवळले. अमृत आडवा झाला.

"डावा," सर म्हणाले.

ती बॉलची माती झाडत राहिली.

"शेवटच्या क्षणी बाजू बदललीस. शिबिरातल्यांना दिसणार न्हाय व्हय?"

खरं होतं. खांदा बसवल्यापासून ती डाव्यानंच पाडत होती आणि डावा सोयीचा पडतो अशी स्वतःची समजूत घालत होती. तिला राग आला. सरांचा कमी, स्वतःचा जास्त.

"अमृत, पुन्हा. माझ्या उजव्या बाजूनं ये. जोरात."

"लागंल ताई तुला."

"हळू आलास तर दवाखान्यात तूच जाशील."

"श्रावस्ती, बास झालं," प्रेमानंद म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

अमृत आला. अंग आपोआप डावीकडं ओढ घेऊ लागलं. तिनं ते जाऊ दिलं नाही. उजवा खांदा त्याच्या मांडीवर आदळला आणि धक्का थेट दातांपर्यंत पोचला. दोघं मातीत गडगडले.

पौर्णिमा धावली. तोवर श्रावस्तीनं उजवा हात सरळ वर उचलला होता. खांदा ठणकत होता, पण जागेवर होता.

सरांनी उठवायला हात पुढं केला. ती उजव्याच तळव्यावर भार देऊन उठली.

"शाळेला काय सांगू?"

"दुसरं कुणी बघा म्हणावं. सोमवारी मी शिबिरात असेन."

"अन् निवड न्हाय झाली तर?"

"पुढच्या वर्षी पुन्हा जाईन. खो-खो तुम्हीच शिकवा सर, तुम्हाला चांगला येतो."

अमृत अजून मातीत पडून होता. तिनं बॉल त्याच्या छातीवर टाकला.

"ऊठ. अजून एकदा, उजव्याच बाजूनं."