पाना पूजेत होता

मित्रांनो, माझे नाव तुम्ही क्वचितच ऐकले असेल. मोटारीचे चाक आणि ते ज्यावर बसते तो भाग यांच्यामध्ये मला बसवतात. मी ॲल्युमिनियमची जाड, गोल चकती आहे. मला स्पेसर म्हणतात. आज मी पळसदरीच्या एका पडवीत, गोणपाटावर पडलो आहे.

कारखान्यात मला कातून, भोके पाडून चकचकीत केले. आम्ही चार भावंडे एका खोक्यात होतो. खालापूरच्या गजा मिस्त्रीने खोके उघडले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

पळसदरीच्या कमलेशने आपल्या गाडीला रुंद टायर घातले होते. वळताना ते आतल्या बाजूला घासत. गजाने मला हातात धरून त्याला सगळे समजावले.

"यानं चाक बाहेर येईल, घासणार नाय. वळणावर गाडी रस्ता धरून चालंल, दिसायलाबी बरी. पण बेअरिंगवर भार वाढतो, ते लवकर जातं. स्टेअरिंग जड लागंल. आणि एक ध्यानात ठेव. याचे नट चाकाच्या आत झाकले जातात, बाहेरून दिसत नायत. पन्नास-साठ किलोमीटर चालव नि परत ये. चाक काढून ते पुन्हा आवळायचे."

"येतो रं," कमलेश म्हणाला.

मला पुढच्या डाव्या चाकामागे बसवले. त्याच बाजूला कमलेशची बायको हर्षला बसायची. दोन दिवस लोकांनी गाडीभोवती फिरून कौतुक केले. मी फुशारलो. पण तिसऱ्या दिवशी माझे नट थोडे सैल झाल्याचे मला कळले. नव्या जोडणीत तसे होतेच. गजा म्हणाला होता ते हेच.

त्या दिवशी खंडेनवमी होती. कोयता, विळा, कुदळ आणि गाडीचा पाना कमलेशने पाटावर मांडून पुजला. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मग दोघे हर्षलाच्या माहेरी, पोशीरला निघाले.

कर्जतच्या अलीकडे हर्षला म्हणाली, "अहो, माझ्या पायाखालून ठकठक येतंय. गजाभाऊंनी नट बघायला सांगितलेलं ना?"

"आज पाना पूजेत हाय. गजानंबी दुकान बंद ठेवलंय. उद्या बघू."

"गाडीलाबी हार घातलाय की. पान्याला सुट्टी नि गाडीला काम, असं कसं वो?"

कमलेश हसला. "तुझ्या माहेरला जायचंय म्हणून."

"मग थांबवा, रिक्षानं जाऊ. माहेर कुठं पळून चाललंय?"

"आता वीस-पंचवीस किलोमीटर तर ऱ्हायलंय गं."

ती ठकठक माझीच होती. मला तेवढेच बोलता येत होते आणि मी ते जोराने बोलत होतो. नेरळच्या आधीच्या वळणावर बोल्ट तुटले. चाकाबरोबर मी सुटलो, घरंगळत गेलो आणि भाताच्या उभ्या पिकात पडलो. गाडी मोरीच्या कठड्यावर डाव्या बाजूने आदळली. कमलेशच्या हाताला खरचटले. हर्षला गेली.

मला मात्र एक ओरखडासुद्धा आला नव्हता.

कमलेशने सगळ्यांना सांगितले, "खड्डा आला." त्या रस्त्यावर खड्डे होते, म्हणून कोणी जास्त विचारले नाही. हर्षलाची आई सोनुबाई त्याच्यासाठी पोशीरहून भाकऱ्या पाठवायची. जावयावर वाईट वेळ आली म्हणायची. तो डबा घ्यायचा, उघडायचा आणि तसाच बंद करायचा. खरे सांगितले तर पोशीरचे हे घरही तुटेल, ही भीती त्याला होती. मला शेतातून आणून भावंडांबरोबर पडवीत टाकले होते, तिथून मी पाहत होतो. एका खोट्यात तो आणि मी सामील होतो.

दीड वर्षाने हर्षलाचा भाऊ रूपेश आला.

"दाजी, मीबी रुंद टायर घातलेत. त्या तुमच्या चकत्या पडूनच हायत ना? द्या मला."

कमलेशने आम्हाला पिशवीत भरले. पिशवी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"सोडा की दाजी. सोन्याच्या हायत काय?"

"खड्डा नव्हता रं," कमलेश म्हणाला. मग त्याने सारे सांगितले. आतले नट, पूजेतला पाना, ठकठक.

रूपेश पायरीवर बसला. त्याने विचारले, "ताईला कळलं नव्हतं काय?"

"कळलं होतं. थांबवा म्हणाली. मी हसलो."

रूपेशने डोळे पुसले नाहीत, शिवीही दिली नाही. तो उठला.

"हे मी आईला सांगणार नाय. तुमी सांगायचं. आत्ता. चला, बसा गाडीत."

कमलेशने पिशवी खाली ठेवली, पायात चपला घातल्या आणि त्याच्यामागे गेला. सोनुबाई काय म्हणाली, हे मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून भाकऱ्यांचा डबा आलेला नाही. पण कमलेश दर रविवारी पोशीरला जातो. दारात बसून परत येतो.

मित्रांनो, मला गाडीला लावायचे की नाही, हे तुमच्या घरची मोठी माणसे जाणत्या मिस्त्रीला विचारून ठरवतील. लावलेच तर माझे नट वेळेवर आवळायला सांगा. आणि शेजारचे माणूस "काहीतरी वाजतंय" म्हणाले, तर गाडी तिथेच थांबवायला लावा. घरची रीत मोडली म्हणून कोणी रागावले, तर त्याची समजूत दुसऱ्या दिवशीही काढता येते.